वर्कशीट कुणी पास केलं?

"आई, आज मी शूद्र होते."

सहावीतली लेक गाडीत बसली, दप्तर मागे फेकलं, पाण्याची बाटली उघडली आणि एवढं बोलून मोकळी झाली. मी सिग्नलला थांबलेली होते म्हणून बरं. वर्गात म्हणे चिठ्ठ्या उचलायच्या होत्या. कुणी ब्राह्मण, कुणी क्षत्रिय, कुणी वैश्य, कुणी शूद्र, आणि दोन चिठ्ठ्या कोऱ्या, त्या ज्यांना आल्या त्यांनी दाराजवळ उभं राहायचं आणि कुणी त्यांच्याशी बोलायचं नाही. ब्राह्मणांना शिक्षकांची गोल फिरणारी खुर्ची आणि शूद्रांनी सगळ्यांच्या पेन्सिलींना टोक काढून द्यायचं. मग वर्कशीट. वरती पिरॅमिडचं चित्र, खाली प्रश्न, "तुला कसं वाटलं?" आणि तीन ओळी रिकाम्या. माझ्या लेकीने लिहिलं होतं, "शार्पनर तुटका होता."

घरी पोचेपर्यंत मी काही बोललेच नाही, काय बोलणार? आमच्या घरात जातीचा विषय कधी निघालाच नव्हता, आणि तो न निघणं हीसुद्धा एक चैन असते आणि ती कुणाला परवडते हे कळायला मला चाळिशी गाठावी लागली. रात्री नवऱ्याला सांगितलं, तो आधी हसला, मग गप्प झाला, मग म्हणाला, "ग्रुपवर टाकू नकोस." मी तोवर टाकलेलं होतं.

पुढचे दोन तास फोन टेबलावर नुसता थरथरत होता. आम्ही कॅलिफोर्नियातले मराठी पालक एरवी पार्किंग आणि बेबीसिटर यापलीकडे बोलत नाही, पण त्या रात्री सगळ्यांना एकदम कंठ फुटला. कुणी म्हणे स्कूल बोर्डावर मोर्चा न्यायचा, कुणी म्हणे वकील बघू, आणि बहुमत असं झालं की जातीचा धडाच काढून टाकायला लावायचा, म्हणजे प्रश्नच मिटला. तेवढ्यात एका बाईंचा मला वेगळा मेसेज आला. ग्रुपवर त्या कधीच बोलत नाहीत. "ताई, तो खेळ बंद करायला सांगा, मी पण येते तुमच्याबरोबर. पण धडा काढा म्हणू नका. माझ्या आजीला विहिरीवर चढू देत नव्हते, ते माझ्या मुलाला शाळेत कळू दे."

तो मेसेज मी तीनदा वाचला आणि मग लॅपटॉप उघडला. म्हटलं ओरडायच्या आधी एवढं तरी बघू की हे वर्कशीट पास कुणी केलं.

आता आपण वाढलो बालभारतीवर. अख्ख्या राज्याला एक पुस्तक, आतल्या पानावर प्रतिज्ञा, कुठेतरी विषय समितीच्या सदस्यांची नावं, पुस्तकात काही खटकलं तर भांडायचं कुणाशी ते छापलेलंच असायचं. माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत होती, तिला त्याच रात्री फोन लावला (तिकडे सकाळ), तर ती सगळं ऐकून घेऊन पहिला प्रश्न विचारते, "हे त्या बाईंच्या टाचणात होतं का?" (टाचण म्हणजे तासाची आधी लिहून काढलेली तयारी.) मी म्हटलं आई, इकडे टाचण वगैरे कुणी तपासत नाही. तिला ते पटेचना. केंद्रप्रमुख आले की पहिली टाचणवही मागायचे म्हणे, आणि चिठ्ठ्यांचा असला खेळ त्यात दिसला असता तर तिथल्या तिथे शेरा बसला असता. मग दोन मिनिटांनी स्वतःच म्हणाली, "अर्थात आम्ही टाचण मागच्या वर्षीचंच उतरवून काढायचो म्हणा."

इकडची गंमत अशी की देशाचा म्हणून एक अभ्यासक्रमच नाही. तेरा हजारांच्या आसपास स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे त्या त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्था आहेत, बहुतेकांना आपापलं निवडून आलेलं बोर्ड, आणि प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. कॅलिफोर्नियात पहिली ते आठवीची पुस्तकं राज्याने मंजूर करावीत आणि ती मुलांना फुकट मिळावीत असं थेट राज्याच्या स्वतःच्या घटनेत लिहिलंय. राज्याच्या बोर्डावर अकरा जण, गव्हर्नर नेमतो, त्यातला एक चक्क विद्यार्थी असतो. ते यादी मंजूर करतात, मग आपलं लोकल बोर्ड त्यातून एक निवडतं, आणि गेली काही वर्षं यादीबाहेरचंही घेता येतं, फक्त ते राज्याच्या स्टँडर्ड्सला (कुठल्या इयत्तेत काय शिकवायचं त्या यादीला) धरून पाहिजे. नववी ते बारावीचं मात्र सगळं लोकल बोर्डाच्या हातात.

आणि ही स्टँडर्ड्स. इतिहासाची स्टँडर्ड्स १९९८ सालची आहेत, अजून तीच चालतात. सहावीत प्राचीन संस्कृती, त्यात ६.५ म्हणजे भारत, त्यात सिंधू खोरं येतं, बुद्ध येतो, अशोक येतो, शून्य आणि आपले अंक येतात, आणि ६.५.४ मध्ये स्पष्ट लिहिलंय की जातिव्यवस्थेची रचना शिकवायची. म्हणजे आमच्या ग्रुपचं "धडाच काढा" हे आमच्या गावच्या बोर्डाच्या हातात नव्हतंच मुळी. साठ माणसं घेऊन गेलो असतो तरी ते आम्हाला राज्याच्या राजधानीचा, सॅक्रामेंटोचा रस्ता दाखवू शकले असते, बाकी काही नाही.

त्या सॅक्रामेंटोच्या रस्त्यावरून आपली माणसं आधीच जाऊन आलीत. २००५ साली याच सहावीच्या पुस्तकांवरून मोठं रामायण झालं होतं. हिंदू एज्युकेशन फाउंडेशन आणि वेदिक फाउंडेशन यांनी पुस्तकातल्या मजकुरात ढीगभर बदल सुचवले, समितीने त्यातले बरेच मान्यही करत आणले, तेवढ्यात हार्वर्डमधले संस्कृतचे प्राध्यापक मायकल विट्झेल यांचं पत्र आलं, खाली बऱ्याच अभ्यासकांच्या सह्या, की हे बदल घेऊ नका. दलित संघटनाही बोलल्या, की आमचा इतिहास पुसू नका. २००६ मध्ये हिंदू अमेरिकन फाउंडेशन कोर्टात गेलं, कोर्ट म्हणालं राज्याची पुस्तकं मंजूर करायची पद्धत नियमात बसत नव्हती हे खरं, पण म्हणून पुस्तकं मागे घ्या असं काही सांगितलं नाही. दहा वर्षांनी, २०१६ ला, पुन्हा तेच, यावेळी काही ठिकाणी 'इंडिया' लिहायचं का 'साउथ एशिया' यावर. त्यातल्या काही बदलांबद्दल मला सहानुभूती आहे, काहींबद्दल अजिबात नाही, आणि जात सौम्य करून दाखवायची धडपड बघून तर मला लाज वाटली होती. पण मुद्दा तो नाही. मुद्दा हा की त्या पानांतल्या एकेका शब्दावर वर्षानुवर्षं भांडणं झालीत, सुनावण्या झाल्यात, कोर्ट झालंय. एवढ्या चाळण्यांतून गेलेल्या पुस्तकात चिठ्ठ्यांचा खेळ आला कुठून?

तर तो पुस्तकात नव्हताच. लेकीचं लॉगिन घेऊन मी आख्खं प्रकरण वाचलं. परिपूर्ण नव्हतं, पिरॅमिड तिथेही होता (हा पिरॅमिड कुणी एकदा काढला आणि सगळ्यांनी उतरवला, वर्ण आणि जात यातला फरक त्यात कधी मावतच नाही), पण भाषा जपून होती. चिठ्ठ्या नाहीत, दाराजवळ उभं करणं नाही. लेकीच्या वर्गावरच्या बाईंना मेल लिहिली, अगदी मोजून मापून, चारदा खोडून. त्यांचं उत्तर रात्री साडेनऊला आलं. त्या मनापासून हादरल्या होत्या. एका वेबसाइटवर शिक्षक एकमेकांना आपले धडे विकतात, तिथून त्यांच्या आधीच्या कुणीतरी ते घेतलं होतं, सामायिक ड्राइव्हवर पडून होतं, नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांना ते मिळालं आणि तेव्हापासून दरवर्षी त्या ते घेत होत्या. "मुलांना अन्याय आतून जाणवावा म्हणून" असं त्यांनी लिहिलं होतं. बाईंचा हेतू चांगलाच होता, मला त्याबद्दल शंका नाही. पण तीस मुलांच्या वर्गात दोनच मुलं भारतीय दिसतात, बाकीचे चिठ्ठी टाकून जेवायला जातात आणि यांच्याकडे उरलेला दिवस बघत राहतात, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

म्हणजे बघा, पुस्तकाला सात कुलपं आणि झेरॉक्सला दार सताड उघडं.

एवढं कळल्यावर खरं तर मीटिंगला जायची गरज नव्हती, पण ग्रुपवर तारीख ठरली होती आणि मागे फिरणं अवघड झालं होतं. गेलो. साठ म्हणणारे अकरा आलो. त्या मेसेजवाल्या बाई आल्या होत्या, माझ्या शेजारी बसल्या.

तुम्ही कधी गेला नसाल तर सांगते, स्कूल बोर्डाची मीटिंग म्हणजे सोसायटीची एजीएम, फक्त माईक चांगले. पाच ट्रस्टी, म्हणजे बोर्डाचे सदस्य, अर्धगोलात, मध्ये सुपरिंटेंडंट, कडेला झेंडा. ब्राउन ॲक्ट नावाचा १९५३ चा कायदा आहे, त्याप्रमाणे नेहमीच्या मीटिंगचा अजेंडा ७२ तास आधी लावावा लागतो, कुणीही येऊन बसू शकतं, आत यायला नावसुद्धा सांगावं लागत नाही, आणि बोलायला नागरिक असायची गरज नाही. हे आमच्यासारख्या ग्रीनकार्डच्या रांगेत म्हातारे होणाऱ्यांसाठी फार मोठं आहे. मत देता येत नाही (सॅन फ्रान्सिस्कोने २०१६ ला मतदानाने ठरवून नागरिक नसलेल्या पालकांनाही स्कूल बोर्डापुरतं मत दिलं, पण ते तिथे), पण माईकसमोर उभं राहता येतं. तीन मिनिटं मिळतात असं ऐकून मी तीन मिनिटांचं भाषण पाठ केलं होतं. गर्दी जास्त म्हणून अध्यक्षांनी ते एका मिनिटावर आणलं. आणि हे मला नंतर कळलं, त्याच कायद्यात असं आहे की दुभाषा घेऊन बोललात तर वेळ दुप्पट द्यावा लागतो! मराठीत बोलले असते आणि नवऱ्याला शेजारी उभं केलं असतं तर दोन मिनिटं मिळाली असती. आयुष्यात पहिल्यांदा मराठी मीडियमचा थेट फायदा होणार होता तो हुकला.

मी बोलले. काय बोलले ते धड आठवत नाही, शार्पनर मात्र आठवतोय, त्यावर एक ट्रस्टी किंचित हसल्या. बाकी सगळे दगडासारखे. कुणी मान हलवेना, कुणी प्रश्न विचारेना, "थँक यू, नेक्स्ट." आमच्यातला एक जण तावातावाने म्हणाला, "बघितलं, यांना काही पडलेलीच नाहीये." मलाही तेव्हा तसंच वाटलं. पण नियम असा की जो विषय अजेंड्यावर नाही त्यावर बोर्डाला चर्चा करता येत नाही, निर्णय तर नाहीच. फार तर थोडक्यात उत्तर द्यायचं किंवा स्टाफला सांगायचं की बघा. म्हणजे ते चेहरे माजाचे नव्हते, कायद्याचे होते. निदान त्यातले काही. हे जर आधी कळलं असतं तर मी पब्लिक कॉमेंटला न जाता विषय अजेंड्यावर घ्या असं पत्र दिलं असतं, पण आपल्याला वाटतं माईक म्हणजेच लोकशाही.

खरी गोष्ट पुढे घडली आणि तेव्हा हॉल अर्धा रिकामा झाला होता. आमचे अकरातले सात निघून गेले होते, दुसऱ्या दिवशी ऑफिस. मी बसले कारण त्या बाईंना राइड द्यायची होती. अध्यक्षांनी "कन्सेंट कॅलेंडर" म्हटलं. म्हणजे किरकोळ, वादाचे नसलेले सगळे विषय एका गठ्ठ्यात बांधून एकदाच मत घ्यायचं. माझ्या हातात अजेंडा होता म्हणून वाचत गेले. व्यायामशाळेचं छत. बसचं कंत्राट. दोन राजीनामे. आणि मग, "डिजिटल सप्लिमेंटल मटेरियलच्या लायसन्सचं नूतनीकरण", खाली जोडपत्र, जोडपत्रात ॲप आणि वेबसाइट्सची दोन पानं भरून यादी. आमच्या मुलांच्या क्रोमबुकवर जे जे दिसतं ते सगळं त्यात. छताला जेवढा वेळ मिळाला तेवढाच त्यालाही मिळाला. कुणीतरी मूव्ह केलं, कुणीतरी सेकंड केलं, पाच विरुद्ध शून्य. मला वाटतं एक मिनिटसुद्धा लागलं नसेल.

मी त्या बाईंकडे बघितलं, त्या म्हणाल्या, "ताई, आपण चुकीच्या वेळी बोललो."

आता यावर सरळ उपाय वाटतो तो असा की बोर्डाने एकूण एक कागद तपासावा. पण पाच ट्रस्टी एकेक पान उघडून बसले की काय होतं त्याचेही किस्से इथे कमी नाहीत, त्या आठवड्यात मी झोप सोडून तेच वाचत होते.

न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर आयलंड ट्रीज म्हणून डिस्ट्रिक्ट आहे. १९७५ मध्ये तिथले तीन बोर्ड मेंबर एका पालक संघटनेच्या परिषदेला गेले, येताना आक्षेपार्ह पुस्तकांच्या याद्या घेऊन आले, आणि नोव्हेंबरमधल्या एका रात्री शाळेत कार्यक्रम चालू असताना त्यातले दोघं लायब्ररीत शिरले आणि कार्ड कॅटलॉग काढून यादीशी ताडत बसले. (हे दृश्य मला फार आवडतं, टॉर्च नव्हता एवढंच.) मग पुस्तकं काढायचा हुकूम. बोंब झाल्यावर त्यांनी चार पालक आणि चार स्टाफ अशी समिती नेमली, समितीने पुस्तकं वाचली, काही ठेवा म्हणून सांगितलं, आणि बोर्डाने समितीचा अहवाल बहुतांशी गुंडाळून ठेवला. स्टीव्हन पिको नावाचा विद्यार्थी आणि त्याच्याबरोबर आणखी काही मुलं कोर्टात गेली, १९८२ ला सुप्रीम कोर्टापर्यंत प्रकरण पोचलं, आणि पाच विरुद्ध चार असं ठरलं की खटला चालू शकतो. न्यायमूर्ती ब्रेनन यांच्या निकालपत्राचा गाभा असा, की एखादा विचार आवडत नाही एवढ्याच कारणाने बोर्डाला लायब्ररीतून पुस्तक काढता येणार नाही. पण वर्गात काय शिकवायचं यावर बोर्डाचा अधिकार मोठा आहे हेही त्यात मान्य केलंय. म्हणजे लायब्ररी वेगळी, वर्ग वेगळा. वर्गातला हा अधिकार किती मोठा यावर कोर्टात भांडणं अजून चालूच आहेत.

दुसरा किस्सा पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हरचा. २००४ मध्ये बोर्डाने सहा विरुद्ध तीन मतांनी ठरवलं की जीवशास्त्राच्या तासाला उत्क्रांतीबद्दल शंका घेणारं आणि 'इंटेलिजंट डिझाइन'कडे (सजीव कुणा बुद्धिमान निर्मात्याने घडवले या मताकडे) बोट दाखवणारं एक निवेदन वाचून दाखवायचं. विज्ञानाच्या शिक्षकांनी सरळ नकार दिला, आम्ही वाचणार नाही. मग प्रशासनातली माणसं वर्गात येऊन ते वाचून गेली. पालक कोर्टात गेले. २० डिसेंबर २००५ ला जज जॉन जोन्स यांनी १३९ पानी निकालात ते धोरण घटनाबाह्य ठरवलं, आणि त्याआधीच नोव्हेंबरच्या निवडणुकीत उभे असलेले बोर्डाचे आठच्या आठ सदस्य पडले होते. वकिलांचं बिल दहा लाख डॉलरच्या वर, ते भरलं डिस्ट्रिक्टने, म्हणजे ज्यांनी आधी कर भरला त्यांनीच.

आणि हे फक्त जुनं नाही. आमच्याच राज्यात टेमेक्युलाच्या बोर्डाने मे २०२३ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी प्राथमिकचा सामाजिक शास्त्रांचा अभ्यासक्रम फेटाळला, कारण पूरक साहित्यात हार्वे मिल्क या उघडपणे समलैंगिक असलेल्या राजकीय नेत्याचा उल्लेख होता. गव्हर्नर न्यूसम यांनी पंधरा लाख डॉलर दंडाची धमकी दिली, जुलैत बोर्डाने निर्णय फिरवला, आणि सप्टेंबरात राज्याने कायदाच केला की विशिष्ट समाजगटांचा सहभाग शिकवतंय म्हणून पुस्तक नाकारता येणार नाही. मी त्या बोर्डाच्या बाजूची नाही, पण गव्हर्नरने गावाला दंडाची भीती घालून पुस्तक घ्यायला लावणं हेही मला फार शोभून दिसलं नाही. दोन्ही वेळा वर्गात शिकवणारे शिक्षक कुठे होते? ते आपले नवी पुस्तकं वर्गात वापरून बघून, तक्ते भरून, एका कोपऱ्यात.

ग्रुपवर एकाने दुसरी वाट काढली होती, ऑप्ट-आउट. २०२५ च्या जूनमध्ये मेरीलँडमधल्या माँटगोमेरी काउंटीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीन असा निकाल दिला की धार्मिक आक्षेप असलेल्या पालकांना, केस चालू असेपर्यंत, समलैंगिक पात्रं वगैरे असलेली गोष्टींची पुस्तकं वर्गात वाचायच्या आधी कळवा आणि मुलाला बाहेर काढायची मुभा द्या. "आपण पण तेच मागू ना," तो म्हणाला. मी विचार केला, बरं, मागितलं. मग खेळ चालू असताना माझी लेक लायब्ररीत बसेल, आणि तिच्या गैरहजेरीत बाकीची एकोणतीस मुलं चिठ्ठ्या उचलतील आणि भारत म्हणजे काय ते शिकतील. तिला वाचवून मला काय मिळालं? मला तो खेळ कुणाच्याच मुलाने खेळायला नको होता.

(आणि हो, आपल्या लोकांचा खरा जिव्हाळ्याचा विषय गणित, त्यावरही एक वाक्य. सॅन फ्रान्सिस्कोने २०१४ मध्ये आठवीतलं अल्जिब्रा काढून नववीत ढकललं, पालक दहा वर्षं डोकं आपटत राहिले, २०२४ च्या फेब्रुवारीत बोर्डाने ते परत आणायचं ठरवलं आणि मार्चमध्ये शहराने मतदानात त्याला भरघोस कौल दिला. तोवर एक अख्खी पिढी नववीत जाऊन तेच अल्जिब्रा करून बाहेर पडली होती.)

तर मग आमचं काय झालं. फार काही नाट्यमय नाही. मीटिंगनंतर आठवड्याने डिस्ट्रिक्टच्या करिक्युलम ऑफिसमधून बोलावणं आलं, मी आणि त्या बाई दोघी गेलो. समोर बसलेल्या मॅडम दमलेल्या होत्या पण ऐकणाऱ्या होत्या. मी विचारलं, बाहेरून आणलेलं वर्कशीट वर्गात जायच्या आधी कुणी बघतं का? त्या म्हणाल्या धोरण आहे. धोरण काढलं. त्यात लिहिलं होतं की पूरक साहित्य निवडताना शिक्षकाने "व्यावसायिक विवेक" वापरावा. बस. त्याखाली शंका असल्यास प्रिन्सिपलला विचारावं. चांगल्या हेतूने काम करणाऱ्या माणसाला शंका येणार कशी?

त्याच मीटिंगमध्ये मला कळलं की वर्गातलं साहित्य, अगदी शिक्षकाचं मॅन्युअल आणि सॉफ्टवेअरसकट, पालकाने मागितलं तर बघायला द्यावं लागतं, राज्याचा कायदाच आहे. मी इतकी वर्षं कधी मागितलंच नव्हतं. आणि वर्ष सुरू झाल्यावर पहिल्या आठ आठवड्यांत बोर्डाला एक जाहीर सुनावणी घ्यावी लागते, सगळ्या मुलांकडे पुस्तकं आहेत का यावर. ती विल्यम्स केसची देणगी, २००४ ची तडजोड. शाळाशाळांत पुस्तकंच पुरत नव्हती म्हणून विद्यार्थ्यांनी राज्यावर खटला भरला होता. त्या सुनावणीला आमच्याकडे किती पालक येतात असं विचारलं तर मॅडम नुसत्या हसल्या.

त्या दुसऱ्या बाई तिथे फार कमी बोलल्या, पण जे बोलल्या ते मला जमलं नसतं. म्हणाल्या, "हे शिकवा. पण खेळ करून नको. ज्यांनी हे सोसलं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय, ते वाचायला द्या." मॅडमनी वहीत लिहून घेतलं आणि स्पेलिंग विचारलं, आंबेडकर, फुले. मी त्या वहीकडे बघत बसले. महाराष्ट्रात शाळा शिकलेली मी, आणि एवढी साधी मागणी माझ्या एका मिनिटाच्या भाषणात नव्हती. त्यात "दुखावलं" हा शब्द दोनदा होता.

मी मागितलं होतं ते एवढंच, की भूमिका वाटून खेळायचे असले खेळ, गुलामगिरी असो, छळछावण्या असोत नाहीतर जात, वर्गात घ्यायच्या आधी दुसऱ्या एका शिक्षकाने तरी नजरेखालून घालावेत, आणि सामायिक ड्राइव्हवर जे वर्षानुवर्षं पडलंय ते उन्हाळ्यात एकदा चाळून काढावं. बोर्डाने पानं वाचू नयेत, पानं कोण वाचतंय ते विचारावं. शिक्षक संघटनेला पहिला मुद्दा आवडला नाही, त्यांचं म्हणणं आधीच कागदपत्रं कमी आहेत का, आणि ते मला पटतं सुद्धा, टाचणवहीचं काय होतं ते आईकडून ऐकलंच होतं. शेवटी "भूमिका वाटण्याचे खेळ टाळावेत" अशी एक ओळ मार्गदर्शक सूचनांमध्ये आली. ड्राइव्ह चाळायचं अजून व्हायचंय.

बाईंनी खेळ बंद केला, तो मात्र लगेच. वर्गात मुलांना सांगितलं की माझं चुकलं, हे त्यांना कुणी सांगायला लावलं नव्हतं.

परवा ऑफिसातून येताना डिस्ट्रिक्टच्या इमारतीत गेले होते. विज्ञानाची नवीन पुस्तकं घ्यायचीत, दोन प्रकाशकांचे संच लोकांना बघण्यासाठी मांडलेत. तळमजल्यावर एक खोली, लांब टेबल, पुस्तकं, अभिप्रायाचे कागद, दोरीला बांधलेलं पेन. कुणीही नव्हतं. रजिस्टरमध्ये चार नावं, शेवटचं नऊ दिवसांपूर्वीचं. त्यातलं एक त्या मेसेजवाल्या बाईंचं होतं, त्यांचा मुलगा तर आता हायस्कूलला गेलाय. मी खाली पाचवं नाव लिहिलं आणि लेकीला म्हटलं बस, थोडा वेळ लागेल. तिने दुसरा संच ओढला, मधूनच उघडला, आणि दहा मिनिटांनी म्हणाली, "आई, यात चित्रं चांगली आहेत पण प्रश्न सगळे सोपे आहेत. हे कुठे लिहायचं?"